लेकरू ढ नाही, शाळा बंद होती

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला सरकारनं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. मग शाळा मिशनच्या सिस्टरांची असो, नाहीतर जिल्हा परिषदेची.

आपल्या धाराशिवचं जे लेकरू तेव्हा पहिलीत होतं, ते परतलं थेट तिसरीत. वर्ग वाढला, पण जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी राहूनच गेली. ऊसतोडीला सोबत गेलेल्या लेकरांचं तर अजूनच मागं पडलं.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय: लेकराला रागवायचं नाही. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायला लावायचं. आपल्याला वाचता येत नसलं, तरी ऐकता येतं. अडखळेल त्या शब्दाखाली रेघ मारायची आणि बाईंना दाखवायची.