शेवटच्या शब्दापर्यंत

बोरी अरब या गावी नाटकवेडे काका आमच्या घरी हक्कानं जेवायचे आणि रात्री आम्हा पोरांच्या नाटकाच्या तालमी घ्यायचे. अंगणाच्या टोकाला आजीला बसवायचे. वाक्यातला शेवटचा शब्द तिला ऐकू आला नाही, की वाक्य पुन्हा म्हणायला लावायचे. पुरुषोत्तम दारव्हेकर हे त्यांचं दैवत. नागपुरात ‘रंजन कला मंदिर’ उभारून दारव्हेकर मास्तरांनी कितीतरी कलावंत घडवले. त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे त्यात खाँसाहेब झाले. घराण्याची विद्या कुणाला द्यायची, हाच त्या नाटकातला झगडा. काकांनी आपली विद्या मागेल त्याला दिली. ते गेले; आता गावातल्या मुलांच्या तालमी मी घेते, त्यांच्याच शिस्तीनं.