पाया आणि जमीन (लेखांक सातवा) : एसबीसीचा आकडा आणि खाडीकाठची माती

मागील लेखांकात जमिनीत बोअर घेण्याच्या पद्धतीचा विचार झाला. त्या बोअरमधून निघालेल्या मातीवरून पायाचे आकारमान कसे ठरवतात, हा आता पुढचा प्रश्न आहे. या अभ्यासासाठी कल्याण-डोंबिवलीतील ठाकुर्लीचा परिसर विशेष सोयीचा आहे, कारण दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेला मुरूम आणि पश्चिमेच्या उल्हास खाडीने साचवलेला मऊ गाळ ही परस्परांहून अत्यंत भिन्न जमीन येथे थोडक्या अंतरात आढळते, आणि अनेक ठिकाणी तिच्यावर माणसाने टाकलेल्या भरावाचा तिसरा थर चढलेला असतो.

बांधकाम व्यवसायात ज्याला सरसकट ‘एसबीसी’ म्हणतात, ती सुरक्षित धारणक्षमता म्हणजे पायाखालची माती कातरली जाऊन बाजूला उसळू न देता तिच्यावर प्रत्येक चौरस मीटरला जो भार ठेवता येतो तो. मातीची अंतिम क्षमता काढून तिला सुरक्षा गुणकाने, बहुधा २.५ किंवा ३ ने, भागले की हा आकडा मिळतो. त्याचे गणित भारतीय मानक ६४०३ मध्ये दिलेले आहे. मातीची ताकद अजमावण्यासाठी बोअरमध्ये ६३.५ किलोग्रॅमचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडून नमुना-नळी ४५ सेंटिमीटर आत ठोकली जाते, आणि पहिले १५ सेंटिमीटर सोडून उरलेल्या ३० सेंटिमीटरना लागलेले ठोके मोजले जातात. मुरमात हे ठोके पन्नाशीच्या पुढे जातात. खाडीच्या गाळात मात्र कधी कधी नळी केवळ स्वतःच्या आणि घणाच्या वजनानेच खाली उतरते. अशा वेळी ठोक्यांच्या संख्येवरून क्षमता काढणे हा निव्वळ अंदाज ठरतो आणि मातीचे अविचलित नमुने काढून प्रयोगशाळेत तपासणे किंवा जागेवरच पात्याची कर्तन चाचणी घेणे आवश्यक होते.

एक उदाहरण सोडवून पाहिल्यास या आकड्याचा अर्थ स्पष्ट होतो. मऊ गाळाची कर्तनशक्ती प्रत्येक चौरस मीटरला १.५ टन धरली, तिला चिकणमातीसाठीच्या ५.१४ या गुणांकाने आणि चौरस पायाच्या १.३ या आकार-गुणकाने गुणले, तर अंतिम क्षमता सुमारे १० टन येते आणि तीनाने भागल्यावर सुरक्षित क्षमता ३.३ टन उरते. उलट, आरसीसी इमारतीचा प्रत्येक मजला दर चौरस मीटरला ढोबळमानाने एक टन किंवा त्याहून थोडा अधिक भार देतो. म्हणजे तळमजला अधिक चार मजल्यांची साधी इमारत, तिच्या संपूर्ण क्षेत्रफळाखाली राफ्ट, म्हणजेच एकसंध काँक्रीटचा पाया, घातला तरी या गाळाला पेलत नाही. हीच इमारत घट्ट मुरमावर सुट्या फूटिंगांवर, म्हणजे प्रत्येक खांबाखालच्या स्वतंत्र पायांवर, निर्धास्त उभी राहते.

तथापि एसबीसीचा आकडा हाती आला की पायाचा प्रश्न सुटला, ही समजूत या विषयात सर्वांत घातक आहे. कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, संपृक्त चिकणमातीवर भार आला की तो प्रथम तिच्या छिद्रांतील पाणी उचलते. ते पाणी सावकाश बाहेर पडते तसतसा भार मातीच्या कणांवर जातो आणि थर दबत जातो. या क्रियेला दृढीकरण म्हणतात. तिच्यामुळे माती न कातरताही इमारत वर्षानुवर्षे खचत राहू शकते. सर्व इमारत सारखी खचली तर जिना आणि नळजोडण्या यांपलीकडे फारसे बिघडत नाही. खरा धोका विषम खचणीचा असतो. भारतीय मानक १९०४ नुसार चिकणमातीवरील सुट्या फूटिंगांच्या आरसीसी इमारतीला एकूण ७५ मिलिमीटर खचणे चालते, परंतु दोन खांबांच्या खचण्यातील फरक त्यांच्या अंतराच्या सुमारे ६६६ व्या भागाहून अधिक असता कामा नये. चार मीटर अंतरावरील खांबांसाठी ही मर्यादा अवघी ६ मिलिमीटर होते. ज्या इमारतीचा एक कोपरा मुरमावर आणि दुसरा गाळावर आहे, तिच्या बाबतीत संपूर्ण भूखंडासाठी सरासरी एसबीसी देणारा अहवाल म्हणूनच जवळजवळ निरुपयोगी असतो.

भरावाचा परिणाम याहूनही फसवा आहे. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण-डोंबिवली परिसराला मोठा तडाखा दिला. अशा अनुभवानंतर जोते उंच घेण्यासाठी जमिनीवर मुरूम टाकणे स्वाभाविक आहे, परंतु एक मीटर जाडीचा भराव प्रत्येक चौरस मीटरला जवळपास दोन टन भार आणतो. त्याच्या खाली पाच मीटर जाडीचा मऊ गाळ असेल, तर इमारतीची एक वीटही न रचता केवळ या भरावाने जमीन १० सेंटिमीटरच्या घरात खचू शकते. इमारत पाईलवर, म्हणजे खडकापर्यंत नेलेल्या खोल खांबांवर असली, तर ती जागच्या जागी राहते आणि भोवतालचे अंगण खाली जाते. पायऱ्यांपाशी फट पडते, सांडपाण्याच्या नळ्या तुटतात. एवढेच नव्हे, तर दबणारा गाळ पाईलच्या अंगाला चिकटून तिला खाली ओढतो आणि आधार देण्याऐवजी तिच्यावर जादा भार घालतो. हा ओढभार आराखड्यात धरला नसेल, तर पाईलच्या क्षमतेतील राखीव वाटा नकळत संपून जातो.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे भराव आधी टाकून माती दबेपर्यंत थांबणे. परंतु पाणी बाहेर पडण्यास लागणारा काळ त्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच मीटरच्या थरातून पाणी वर आणि खाली दोन्हीकडे निघू शकत असेल, तर नव्वद टक्के दृढीकरणास साधारण पाच वर्षे लागतील असे धरले, तर खाली अभेद्य खडक असून पाण्याला केवळ वरचीच वाट उरते तेव्हा त्याच थराला वीस वर्षे लागतात. कोणत्याही विकासकाच्या वेळापत्रकात ही प्रतीक्षा बसत नाही. त्यामुळे गाळात एक-दीड मीटर अंतराने उभ्या निचरापट्ट्या रोवून पाण्याची वाट आडवी आणि आखूड केली जाते, आणि तीच वर्षे काही महिन्यांवर येतात.