नावावर नसलेलं रान

माणदेशात नवखा माणूस पारावर टेकला, की नाव विचारतात, गाव विचारतात आणि मग हळूच विचारतात, "रान किती?" त्या उत्तरावरून माणसाची पत कळते, सोयरीक जुळेल की नाही तेही कळतं. आटपाडीजवळ मात्र एक वस्ती अशी आहे, जिथल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तो नांगरतो, पेरतो, रात्री-अपरात्री पाणी धरतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही आणि कधी लागणारही नाही. जमीन सरकारची, कसणारे शिक्षा झालेले कैदी. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेलेही त्यांत आहेत. वस्तीला तुरुंगाची भिंत नाही. नाव स्वतंत्रपूर.

हे नाव १९३९ सालचं आहे, देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षं आधीचं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान लहानसं, ७२ गावांचं, आणि तीही एका सलग पट्ट्यात नव्हती, इंग्रजी मुलखात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. राजे होते भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रं काढणारे म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. मला त्यांचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. १९३९ च्या जानेवारीत त्यांनी नव्या घटनेने राज्यकारभार रयतेच्या हाती दिला. घटनेच्या आखणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र आप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर होते. बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्य कारखान्यातली नोकरी करता करता हा माणूस गांधीविचारात ओढला गेला, भारतानंद झाला आणि औंधच्या खेड्यांतून फिरू लागला. कैद्यांना कोंडून ठेवण्याऐवजी रान कसायला द्यावं, बायकापोरांसह राहू द्यावं, ही कल्पना त्यांची. राजाने ती उचलून धरली.

माळावर वस्ती बसवण्याचा नाद या राजाला आधीपासून होता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ओसाड माळ त्यांनीच दिला. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी तिथे राखणीच्या कामावर घेतलं. ज्याच्यापासून राखायचं त्याच्याच हाती राखण! स्वतंत्रपुराचं बी मला तिथेच पडलेलं दिसतं.

त्याच काळात शेजारी काय चाललं होतं, तेही पाहायला हवं. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापुरात अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं जाई, हजेरी घेतली जाई. तिथे गुन्हा न केलेल्या पोरांभोवतीही तार होती. आटपाडीच्या माळावर गुन्हा शाबीत झालेल्या माणसापुढे उघडं शिवार होतं. दोन्ही व्यवस्था एकाच वेळी, दोन-तीन दिवसांच्या पायी वाटेवर नांदत होत्या. यातली कुठली शहाणी, हे इंग्रजांना कळायला हवं होतं.

शिवार उघडं होतं, पण सोपं नव्हतं. माणदेश पर्जन्यछायेतला. आभाळ भरून येतं आणि वारा ते पुढे घेऊन जातो. जमीन हलकी, वीतभर मातीखाली मुरूम. विहिरीला पाणी लागलं तर बागायत, नाहीतर बाजरी, हुलगा, मटकी आणि रब्बीची शाळू. धनगर पावसाळा सरताच मेंढरं घेऊन मुलूख सोडतात, त्यामागे कारण हेच. अशा रानात बंदिवानाला आणून बसवायचं म्हणजे त्याच्यावर दुहेरी भरवसा टाकणं. तो पळणार नाही हा एक, आणि हे रान बघून खचणार नाही हा दुसरा.

या वस्तीतली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे अवजारं. बंद तुरुंगात लोखंडाचा साधा तुकडाही झडतीत काढून घेतात. इथे खुरपं, विळा, कुऱ्हाड, फावडं ही रोजची हत्यारं. ज्याच्या हातून कुऱ्हाडीने माणूस मेला असेल, त्यालाही कुऱ्हाड घेऊनच बाभळीच्या फांद्या साळायच्या असतात. खेड्यातले कितीतरी खून बांधावरून होतात. कुणी नांगराचं एक तास शेजाऱ्याच्या बांधात घातलेलं असतं, कुणी सामाईक विहिरीची पाळी मोडलेली असते. हातभर जमिनीपायी एक जण जिवानिशी जातो, दुसरा आयुष्यातून उठतो. असा माणूस इथे येऊन पुन्हा नांगराच्या रुमण्याला हात घालतो, तेव्हा रान तेच असतं, माती तीच असते, फक्त तिच्यात भांडायला 'माझं' काही उरलेलं नसतं.

रात्री पाणी धरताना कधी कुणाला पाहिलंय? अंधारात माणूस पाटाकडेला वाकलेला असतो. एक वाफा भरला की फावड्याने मातीचा गोळा ओढून त्याचं दारं बांधायचं, पुढच्याचं मोडायचं. पाणी दिसत नाही, पायाच्या घोट्याला त्याचा गारवा कळतो आणि ढेकूळ पाणी पिताना बारीक आवाज करतं, त्यावरून अंदाज घ्यायचा. डुलकी लागली तर वाफा फुटतो. हे काम शिपायाच्या धाकाने होत नाही.

स्वतंत्रपुराची कीर्ती जगभर गेली ती सिनेमामुळे. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ सालचा. कथा गदिमांची. ते याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले, औंध संस्थानात वाढलेले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपट थोर आहे, पण एक फरक नोंदवावासा वाटतो. पडद्यावर सहा कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलरचे दोन डोळे. खऱ्या वस्तीत बाई चूल पेटवते, पोर शाळेला निघतं, दारापुढे शेळी बांधलेली असते. माणसाला धरून ठेवायला एवढं पुरतं.

त्याच १९५७ सालच्या १ एप्रिलला कूळकायद्याने या भागात कसेल त्याची जमीन झाली. कालपर्यंत खंड भरणाऱ्या कुळाचं नाव कब्जेदाराच्या रकान्यात आलं. स्वतंत्रपुरात असं काही झालं नाही. सरकारी जमीन त्या कायद्याच्या बाहेर आणि कैदी म्हणजे कूळ नव्हे. आपल्या मुलखात जमिनीवरून एवढी उलथापालथ होत असताना हा एक तुकडा मालकीच्या वाटेला गेलाच नाही. मला वाटतं, म्हणूनच तो टिकला. नावावर करून दिला असता तर दोन पिढ्यांत त्याच्या वाटण्या झाल्या असत्या, पुन्हा बांध, पुन्हा कोर्ट.

औंध १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, बाळासाहेब १९५१ साली वारले. पुढे आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली, १९६० साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. संस्थानाच्या किती गोष्टी या उलटापालटीत बुडाल्या! स्वतंत्रपूर राज्याच्या कारागृह विभागाकडे आलं आणि खुली वसाहत म्हणून चालू राहिलं. क्षमता फक्त २८ कैद्यांची. मोठ्या कारागृहात काही वर्षं काढून, वागणूक चांगली ठेवून माणूस इथे येतो. तुरुंग गच्च भरल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, आणि इतक्या वर्षांत अशा वस्त्या गावोगाव का वसल्या नाहीत, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता आटपाडीचं शिवारही पालटलंय. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात, ते टप्प्याटप्प्याने चढवत या दुष्काळी पट्ट्यात आणलंय. त्यासाठी इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत, आणि पाणी आलं तसा जमिनीला भाव आला. एकेकाळी कुणी फुकट घेतला नसता तो खडकाळ तुकडाही आता लोक मोजून घेतात.

सुटकेचा हुकूम मात्र हंगाम बघून येत नाही. शाळू हुरड्याला आलेली असते, नाहीतर कांद्याची लावण नुकतीच जीव धरत असते, आणि कागद येतो. माणूस भांडीकुंडी बांधतो, पोराचा दाखला काढतो, शेळी कुणाला तरी देतो. निघण्याआधी एकदा रानात जाऊन येतो, आणि मागे राहणाऱ्या गड्याला सांगतो, खालच्या वाफ्याला पाणी उशिरा पोचतं, तिथलं दारं जरा रुंद मोड.