पेणपर्यंत पुरणारी गाठ

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या कच्च्या वाटांवरच्या गाड्या बदलल्या, आणि वाटेत अडलेली गाडी घरी आणण्याची कलाही. ती कला अंगी असलेले ड्रायव्हर आता थकले आहेत, म्हणून हा मागोवा.

नव्वदच्या दशकात पेणच्या डोंगराकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर डिझेल जीप जायची. आजारी माणूस, भाताची पोती, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातूनच. गॅरेज पेणला, नाहीतर रोह्याला. मध्येच गाडी बसली, तर हाताशी असलेले पाने आणि जवळच्या घरात मिळेल ते, एवढ्यावर भागवायचं.

रेडिएटर गळू लागला की मूठभर हळद मागून आणायची. पाण्याबरोबर फिरणारी पूड बारीक भोकात जाऊन बसायची. डिझेलची टाकी झिरपली तर फटीवर धुण्याचा साबण घासायचा. तो डिझेलमध्ये विरघळत नाही. फॅनबेल्ट तुटला तर जुन्या ट्यूबची पट्टी किंवा दोर ओढून बांधायचा. त्यावर पंखा आणि पाण्याचा पंप फिरले की पुरे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे बॅटरी चार्ज झाली नाही तरी दिवसाउजेडी घर गाठता यायचं. स्प्रिंगचा पाटा मोडला तर चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घालून वर सुंभाचे वेढे द्यायचे. खाडीकाठच्या खारेपाटातल्या गाडीचे नट गंजून धरलेले. त्यांना डिझेल पाजून थांबावं लागे. घाई केली की बोल्टच तुटायचा.

या जाणत्यांचा एक दंडक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाडी चालावी म्हणून वाटेल ते करायचं, पण थांबण्या-वळण्याशी खेळ नाही. ब्रेक गेला किंवा स्टिअरिंगचा रॉड वाकला, तर गाडी झाडाखाली उभी करून माणसं पायी निघायची. बांधलेली गाठ पेणपर्यंतच पुरते, हेही ते कधी विसरले नाहीत. पोचल्याबरोबर रेडिएटर धुऊन घ्यायचे, नाहीतर तीच हळद त्याच्या नळ्या तुंबवते.

२००० साली बोलेरो आली, २०१० मध्ये थार. पावसाळ्यात कोलाडच्या बाजूला चिखलवाटांवर गाडी घालणारी हौशी मंडळी दिसू लागली. त्यांच्याकडे विंच, पंक्चरचं किट, जाड पट्टे असतात. १ एप्रिल २०२० पासून धुराबाबतचं बीएस-६ मानक आलं. आता सेन्सर बिघडला, तर त्यावर सुंभाचा इलाज नाही. पण त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, झाडं पडून रस्ते बंद झाले, आणि कोयता व दोर पुन्हा हाती घ्यावे लागले.

नव्या ड्रायव्हरांनी दोर जवळ ठेवावाच; त्याहून अधिक, वाटेवरच्या घरांशी ओळख ठेवावी. जुनी माणसं मागून आणलेली हळद विसरत नसत. पुढच्या फेरीला त्या घरी हळदीची पुडी पोचवायची, तेव्हाच त्यांच्या लेखी दुरुस्ती पुरी व्हायची.