एक चाचणी आणि ४९७ गावे
उस्मानाबाद जिल्ह्यात झालेल्या संशोधनाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जगाला काय सांगितले?

धाराशिव, ता. - उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत बहुधा दुष्काळाच्या निमित्ताने येते. मात्र वैद्यकीय संशोधनाच्या जगात हे नाव वेगळ्या कारणासाठी परिचित आहे. २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मान्यवर नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आयुष्यात केवळ एकदा केलेली 'एचपीव्ही' चाचणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष ज्यांच्या सहभागातून निघाला, त्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया याच जिल्ह्यातील होत्या. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. वैद्यकीय ग्रंथांत मात्र 'उस्मानाबाद' ही नोंद कायम राहील.

बार्शीची नोंदवही

या संशोधनाची पाळेमुळे शेजारच्या बार्शीत आहेत. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारित अशी ही देशातील पहिली नोंदणी होय. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील भूम व परंडा हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक असल्याचे आणि बहुतेक रुग्ण फार उशिरा रुग्णालयात पोचत असल्याचे तिच्यातून स्पष्ट झाले.

उशिराची कारणे कोणत्याही गावाला ठाऊक आहेत. अंगावरून पांढरे जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधांनंतर रक्तस्राव होणे या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत. दुखणे अंगावर काढले जाते. नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन नुसती लक्षणांची माहिती दिली, तेव्हाही स्त्रिया तुलनेने लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. परंतु लक्षणे दिसेपर्यंत कर्करोग झालेला असतो. त्याआधीच तो गाठायचा तर निरोगी स्त्रियांची तपासणी हवी. ती कोणत्या पद्धतीने करावी, हा पुढचा प्रश्न होता.

तीन पद्धती, चार गट

या कर्करोगामागे 'ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस' अर्थात एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा संसर्ग अतिशय सामान्य असून बहुतेक स्त्रियांत तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये तो ठाण मांडतो, पेशींत बदल घडवतो आणि त्यातून दहा-वीस वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. हा दीर्घ कालावधी हीच प्रतिबंधाची संधी होय.

ही संधी साधण्याचे तीन मार्ग होते. पहिला 'पॅप स्मिअर', म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. दुसरा 'व्हीआयए'. यात गर्भाशयमुखावर सौम्य ऍसिटिक ऍसिड लावतात. दोष असल्यास तो भाग पांढरा दिसतो. ही पद्धत स्वस्त असून निकाल जागेवरच मिळतो. तिसरा मार्ग एचपीव्ही चाचणीचा. यात विषाणूचा डीएनएच शोधला जातो.

मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. गेट्स प्रतिष्ठानने अर्थसाह्य दिले. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने हे त्यातील प्रमुख संशोधक. जिल्ह्यातील ४९७ गावांचे ५२ समूह करून ते यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले गेले. तीन गटांतील ३० ते ५९ वयाच्या निरोगी स्त्रियांची प्रत्येकी एका पद्धतीने एकदाच तपासणी झाली. चौथ्या, म्हणजे नियंत्रण गटाला आजाराची व उपलब्ध सोयींची माहिती देण्यात आली; तपासणी नव्हे. गावांत तपासणीचे काम प्रशिक्षित परिचारिकांनी केले. दोष आढळलेल्या स्त्रियांची कोल्पोस्कोपी व गरजेनुसार उपचार झाले.

आकडे काय सांगतात?

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे चित्र असे होते. नियंत्रण गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने मरण पावल्या. एचपीव्ही गटातील ३४,१२६ पैकी ३४ जणी दगावल्या. पॅप स्मिअरच्या गटात ३२,०५८ पैकी ५४, तर व्हीआयएच्या गटात ३४,०७४ पैकी ५६ मृत्यू झाले. या शेवटच्या दोन गटांतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही.

एक बाब येथे समजून घेण्याजोगी आहे. एचपीव्ही गटात आढळलेले एकूण कर्करोग १२७, तर नियंत्रण गटातील ११८. मग फायदा कोठे झाला? उत्तर कर्करोगाच्या टप्प्यात आहे. तपासणीमुळे लपलेले कर्करोगही उघड होतात, म्हणून एकूण संख्या घटत नाही. परंतु पुढच्या टप्प्यात पोचलेले कर्करोग नियंत्रण गटात ८२ होते, एचपीव्ही गटात अवघे ३९. रोग तोच, तो वेळेवर सापडला एवढाच फरक.

शिवाय, एचपीव्ही चाचणी निर्दोष आलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्यांच्या सुमारे एक चतुर्थांश होते. म्हणजेच या चाचणीचा 'नाही' अधिक भरवशाचा ठरला. उलट, चाचणी सदोष आली म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. या गटातील सुमारे दहा टक्के स्त्रियांत विषाणू आढळला, पण त्यातील बहुतेकींना कर्करोग नव्हता.

व्हीआयए निरुपयोगी, असाही याचा अर्थ नाही. तमिळनाडूतील दिंडीगुल जिल्ह्यात याच पद्धतीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी ती केल्यावर ३१ टक्के घट दिसल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. ही पद्धत तपासणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असल्याने तिचे यश ठिकाणागणिक बदलते.

तपासणी न झालेल्यांचे काय?

या संशोधनाला एक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. पाश्चात्त्य देशांत पॅप स्मिअरची उपयुक्तता अनेक दशकांपूर्वीच दिसून आली असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नैतिक होते काय, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला. मुंबई, दिंडीगुल व उस्मानाबाद या तिन्ही प्रकल्पांच्या नियंत्रण गटांत मिळून किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्याकडे २०१४ मध्ये टीकाकारांनी लक्ष वेधले. या भागात तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे नियंत्रण गटाला मिळाले तेच प्रचलित उपचार होते आणि तुलनेविना ठोस उत्तर मिळाले नसते, अशी संशोधकांची बाजू होती. वाद अजून मिटलेला नाही. मात्र त्या ६४ मृत्यूंशी तुलना झाली म्हणूनच उरलेल्या जगाला उत्तर मिळाले, हे दोन्ही बाजूंना नाकारता येणार नाही.

ज्ञान आहे, तपासणी कोठे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राथमिक तपासणी म्हणून पसंती दिली. सर्वसाधारण स्त्रियांनी वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी ती करावी, अशी ही शिफारस आहे. नमुना स्त्रीला स्वतःही घेता येतो. संकोच ही मोठी अडचण असलेल्या आपल्या समाजात हे महत्त्वाचे. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचविले आहे.

प्रत्यक्षात मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधी तरी झाली होती. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात. लस मुलींचे भविष्य सुरक्षित करील; आज तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी तपासणीला पर्याय नाही.

भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंतच्या स्त्रियांनी आपल्या सहभागातून जगाला एक उत्तर दिले. ते उत्तर त्यांच्या लेकी-सुनांच्या दारापर्यंत पोचले, तरच या संशोधनाचे वर्तुळ पूर्ण होईल. तोवर घरातील तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीला 'तुझी तपासणी झाली का?' एवढे विचारणे तरी आपल्या हाती आहे.