पोकळीवरचा उतार

झारखंडमधील झरियात खासगी मालकांनी भुयारे खणून कोळसा काढला; छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवले. १९७१-७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर त्याच क्षेत्रात खुल्या खाणी विस्तारल्या. खुली खाण टनामागे स्वस्त पडते खरी; परंतु खाली भुयार असेल, तर तिचा उतार पोकळीवर उभा असतो. खालचा खांब काढला, किंवा १९१६ पासून धुमसणाऱ्या आगीत जळाला, की छत खचते, खडकाला भेगा पडतात, त्यांत पावसाचे पाणी मुरते आणि उतार ढासळतो. खालच्या खाणीला जो नफा वाटतो, तोच वरच्या खाणीचा पाया असतो. दोहोंचे नकाशे आणि हिशेब निराळे ठेवल्यास ही किंमत कोणत्याच खात्यात दिसत नाही. ती फेडतो उताराच्या पायथ्याशी राबणारा मजूर.