मिनारा मशिदीजवळ काय खावे आणि कधी जावे

रमजानचा चाँद दिसला की मुंबईतल्या कार्यालयांत, कॉलेजांत आणि लोकलच्या डब्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘यंदा मोहम्मद अली रोडला कधी जायचं?’ विचारणारे बहुधा बिगर-मुस्लिम मित्र असतात आणि उत्तर द्यायचे काम गटातल्या एकुलत्या एका मुस्लिम सहकाऱ्याकडे येते. त्याच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब गेलेला नसतो, तरीही मालपुवा कुठला, फिरनी कुठली, नल्ली निहारी कुठे, याची यादी तो न अडखळता सांगतो. एवढेच नाही, तर त्या यादीवर दुसऱ्या कुणी शंका घेतली तर भर दुपारी रोज्यात वाद घालायलाही तयार होतो.

या याद्या कुठे छापलेल्या नसतात. त्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात, म्हणून त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसतो. पण बहुतेक याद्यांत काय खावे आणि कुठे खावे एवढेच असते. कधी जावे आणि तिथे कसे वागावे, हे सांगायचे राहून जाते. रमजानच्या बाजारात तर तेच आधी सांगायला हवे. कारण हा बाजार खाद्यमहोत्सव म्हणून भरलेला नाही. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला संध्याकाळी घरी जाण्याआधी, किंवा घरी जाणे शक्य नसेल तर रस्त्यावरच रोजा सोडता यावा, म्हणून तो उभा राहिला. बाकीचे पाहुणे नंतर आले. त्यांचे स्वागतच आहे, पण त्यांनी घड्याळाकडे जरा लक्ष द्यावे.

मगरिबच्या आधीचा तास

मिनारा मशिदीच्या बाजूला इब्राहिम मोहम्मद मर्चंट रोड आहे. रमजानमधल्या ज्या गर्दीचे फोटो सगळीकडे फिरतात, ती बरीचशी याच गल्लीतली. दुपारी साडेतीन-चारपासून इथे लगबग सुरू होते. मोठमोठे तवे मांडले जातात, कोळसे पेटतात, फळे कापली जातात. मालपुव्याचे पीठ घोटणारा, सीख वळणारा, भजी तळणारा असे बहुतेक सगळे रोजेदार असतात. समोर तळण उकळत असते, त्याचा वास नाकात जात असतो आणि घशाला कोरड पडलेली असते. मिठाचा अंदाज जिभेने नव्हे, हाताने घ्यायचा असतो.

मगरिबची अजान होण्याआधीचा अर्धा तास सर्वांत धावपळीचा. खजूर, कापलेली फळे, समोसे, भजी, चण्याची चाट असे घरच्या दस्तरख्वानासाठी लागणारे सामान घेऊन लोक पळत असतात. या वेळी फेरफटका मारायला आलेल्या माणसाने हळूहळू चालत फोटो काढू लागणे म्हणजे ऐन गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभे राहून गप्पा मारण्यासारखे आहे.

अजान झाली की चित्र एकदम बदलते. विक्रेता हात थांबवतो, खजूर तोंडात टाकतो, पाणी पितो. दुकानाच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून तीन-चार जण एका ताटात खाऊ लागतात. कुणी अनोळखी माणूस जवळून जात असेल तर त्यालाही हाताने बोलावतात. ही पाच-दहा मिनिटे त्यांची आहेत. ‘दोन सीख दे रे लवकर’ अशी हाक तेवढा वेळ मारली नाही, तर काही बिघडत नाही. त्यानंतर मगरिबची नमाज होते आणि मग बाजार ग्राहकांसाठी मोकळा होतो.

म्हणून जाणकार सांगतात, अजानीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने पोहोचावे. तेव्हा तवे तापलेले असतात, पण जेवणारी मोठी गर्दी अजून यायची असते. कारण बरेच जण इशाच्या नमाजेनंतरची तरावीह आटोपून रात्री उशिरा बाहेर पडतात. शनिवार-रविवार आणि रमजानचे शेवटचे दहा दिवस टाळावेत. त्या दिवसांत खाणाऱ्यांच्या गर्दीत ईदच्या खरेदीची गर्दी मिसळते आणि इथल्याच इमारतींत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरापर्यंत पोहोचायला घाम फुटतो. गाडी तर आणूच नये. मध्य आणि हार्बर मार्गावरची मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड ही स्टेशने जवळ आहेत. सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटमार्गे चालत आले तरी चालते.

तिखट आधी की गोड?

पहिल्यांदा येणारे एकाच ठिकाणी पोट भरण्याची चूक करतात. इथली रीत वेगळी आहे. चौघांनी मिळून एक-एक पदार्थ घ्यायचा, वाटून खायचा आणि पुढे सरकायचे. तव्यावरची कलेजी, कोळशावरची सीख, अंडे आणि खिमा भरून चौकोनी घडी घातलेली बैदा रोटी इथपासून सुरुवात करता येते. गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास शिजवून आणि घोटून एकजीव केलेला खिचडा मिळाला तर सोडू नये. वरून तळलेला कांदा, पुदिना आणि लिंबू घातले की एक वाटी दोघांना पुरते.

गोडाची जागा ठरलेली आहे. सुलेमान उस्मान मिठाईवाला हे १९३६ पासूनचे दुकान मिनारा मशिदीच्या परिसराची खूणच बनले आहे. मैदा, अंडी आणि मावा यांच्या घोळातून तळलेला ताटाएवढा मालपुवा तिथे मिळतो. तो एकट्याने संपवण्याची पैज कुणी लावू नये. मातीच्या वाडग्यातली फिरनी हा त्याच्याइतकाच मानाचा पदार्थ. वाटलेले तांदूळ दुधात आटवून ती करतात. मातीचे भांडे त्यातले पाणी शोषून घेते, म्हणून ती घट्ट बसते आणि तिला मातीचा मंद वास लागतो. प्लास्टिकच्या डबीतल्या फिरनीला ही चव येत नाही. घरच्यांसाठी काही न्यायचे असेल तर अफलातून घ्यावे. मावा, रवा, अंडी आणि तुपाची ही वडी काही दिवस टिकते. कोकणी मुसलमानांच्या घरचे तांदळाचे सांदणही या दिवसांत इथे मलईसोबत दिसते. बुऱ्हाणपूरची काळसर मावा जलेबी इथे कधीच रुळली आहे.

शाकाहारी मित्राला सोबत न्यावे की नाही, हा प्रश्न नेहमी निघतो. न्यावे, पण त्याला आधी सांगावे की मालपुव्यात आणि अफलातूनमध्ये बहुधा अंडे असते. त्याच्यासाठी फिरनी, जलेबी, फालुदा, फळे आणि खजुराच्या दुकानांची रांग आहे. अजवा, मबरूम, कलमी, किमिया असे खजुराचे प्रकार चाखून घेता येतात. शिवाय मांसाच्या तव्यांजवळून चालणे ज्याला नकोसे वाटते, त्याला जबरदस्तीने गल्लीत ओढू नये. क्रॉफर्ड मार्केटसमोर १९०५ पासूनचे बादशाह आहे. तिथे फालुदा पिऊनही संध्याकाळ चांगली जाते.

भेंडी बाजार आणि बोहरी मोहल्ला

मिनारा मशिदीजवळची गर्दी नको असेल तर थोडे पुढे, भेंडी बाजाराकडे चालत जावे. १९२३ पासूनचे नूर मोहम्मदी हॉटेल नल्ली निहारीसाठी ओळखले जाते. ‘नहार’ या अरबी शब्दावरून निहारी हे नाव आले. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खायचा हा पदार्थ, म्हणून सहरीला तो विशेष चालतो. एम. एफ. हुसेन यांनी या हॉटेलला चित्र दिले आणि संजय दत्तच्या नावाची ‘चिकन संजू बाबा’ ही डिशही इथलीच. तरी जुने ग्राहक या दोन्ही गोष्टींकडे न पाहता थेट नल्ली मागवतात.

बोहरी मोहल्ल्यातली बारा हंडी हा वेगळाच प्रकार. नावाप्रमाणे भट्टीवर ओळीने हंड्या बसवलेल्या असतात. पाया, नल्ली, पिचोटा असे वेगवेगळे भाग त्यात रात्रभर शिजत राहतात. गिऱ्हाईक मागेल तसा एका किंवा अनेक हंड्यांतला रस्सा ताटलीत येतो आणि सोबत खमिरी रोटी. त्यावर उतारा म्हणून खारा टँक रोडवरचे ताज आइस्क्रीम. १८८७ पासूनचे हे दुकान आजही लाकडी सांचात, बर्फ आणि मिठाच्या मदतीने फिरवलेल्या आइस्क्रीमसाठी नावाजलेले आहे. मोसमातल्या फळाचे आइस्क्रीम मागावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दाऊदी बोहरा समाज चाँद पाहून नव्हे, तर आधीच ठरलेल्या कालगणनेनुसार महिना मोजतो. त्यामुळे त्यांचा रमजान आणि ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते. त्यांच्या घरी जेवणाचे बोलावणे आले तर कुटुंबासोबत एकाच थाळाभोवती बसावे लागते आणि पहिला घास मिठाच्या चिमटीने सुरू होतो.

या मोहल्ल्याची यादी सांगताना जुन्या माणसांचा आवाज आता थोडा हळवा होतो. भेंडी बाजारातल्या साडेसोळा एकरांवर पुनर्विकास सुरू आहे. त्यासाठीचा ट्रस्ट २००९ मध्ये स्थापन झाला. धोकादायक झालेल्या चाळींत राहणाऱ्यांना स्वतःच्या संडास-बाथरूमचे पक्के घर मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, त्यावर कुणाचे दुमत नाही. पण चवीचे पत्ते अशा वेळी हलतात. ‘त्या पिवळ्या इमारतीच्या कोपऱ्यावर’ असे सांगायची सोय राहत नाही, कारण इमारतच राहिलेली नसते. मोठी, नावाजलेली दुकाने नव्या गाळ्यांत जातात. महिनाभरासाठी फळकुट मांडून खीर विकणाऱ्या बाईचे काय होते, हे मात्र कुठल्याच नकाशात दिसत नाही. म्हणून यादी सांगताना चार मोठ्या नावांसोबत एखादे बिननावाचे ठेलेही सांगावे. रमजानच्या तीस दिवसांतली कमाई अशा अनेक घरांचे वर्षभराचे गणित सांभाळते.

पिण्याचे पदार्थ आणि चंद्राचे गणित

इस्लामी वर्ष चंद्रावर चालते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८-१९ मध्ये तो मे-जूनच्या उकाड्यात होता. तेव्हा कलिंगडाचे तुकडे, दूध आणि गुलाबी सरबत एकत्र केलेल्या ‘मोहब्बत का शरबत’चे पातेले तळाला लागेपर्यंत रिकामे होत असे. आता तो थंडीकडे सरकतो आहे. जसजसा हिवाळा जवळ येईल, तसा पाया, निहारी आणि रात्रीच्या गरम दुधाचा मान वाढत जाईल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या हमदर्दने आणलेले रूह अफजा मात्र सगळ्या ऋतूंत दस्तरख्वानावर असते. दुधात की पाण्यात, सब्जा घालून की न घालता, यावर घराघरांत मतभेद आहेत आणि ते मिटण्याची शक्यता नाही. सहरीला खाजला आणि फेणी दुधात भिजवून खातात. हे पदार्थ रात्री बाजारातून घरी नेता येतात, आणि रोजा नसलेल्या माणसाच्याही सकाळच्या न्याहारीला ते उत्तम लागतात.

भाव मात्र आधी विचारावा. गर्दी वाढली की काही ठिकाणी नवख्या गिऱ्हाइकाला वेगळा दर सांगितला जातो. हे रमजानच्या शिकवणीला धरून नाही आणि प्रामाणिक विक्रेत्यांनाही ते खटकते. तसेच हवे तेवढेच घ्यावे. भुकेची जाणीव व्हावी म्हणून ज्या महिन्यात रोजे धरतात, त्या महिन्याच्या बाजारात अर्धे खाल्लेले ताट कचऱ्यात जाणे शोभत नाही. फोटोसाठी सहा पदार्थ मागवून दोन खाण्यापेक्षा दोनच मागवावेत. उरलेच तर बांधून घ्यावे. फुटपाथवर घेणारा हात दूर नसतो.

मुंबईबाहेरची यादी

मोहम्मद अली रोडच्या नावाचा एवढा गाजावाजा आहे की इतर शहरांतले लोक आपल्याच गल्ल्या विसरतात. पुण्यात कॅम्पातला बाबाजान चौक आणि कोंढव्याचा कौसरबाग, नागपुरात मोमिनपुरा इथे रमजानच्या रात्री तेवढ्याच चवीच्या असतात. छत्रपती संभाजीनगरात तर नान-खलिया खाल्ल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. मोहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या लष्करासोबत हा पदार्थ आला असे मानले जाते. तंदूरमधला मऊ नान आणि लालसर तर्रीचा खलिया शेकडो माणसांना एकाच वेळी वाढता येतो, हे खाताना पटते.

आणि ज्या सहकाऱ्याला दरवर्षी यादी विचारली जाते, त्याला एकदा असेही विचारावे : ‘तुमच्या घरी इफ्तारला काय असतं?’ कांदाभजी, उकडलेले चणे, कापलेली केळी-पपई, तीन खजूर आणि सरबत. बाजारातल्या मालपुव्यापुढे हे साधेच वाटेल. अनेक मोहल्ल्यांत आणि चाळींत अजानीच्या थोडे आधी एक लहान मूल रुमालाने झाकलेली ताटली घेऊन शेजारच्या दारात उभे असते. ती ताटली रिकामी परत करायची नाही, एवढे शेजाऱ्यांना माहीत असते. मग त्यात कधी चकली जाते, कधी गूळपोळी, कधी नुसती साखर. ज्यांच्या दारात अशी ताटली येत नाही, त्यांनी स्वतःहून खजुराचा एखादा डबा घेऊन मगरिबच्या सुमारास मित्राचे दार वाजवायला हरकत नाही. तिथे रांग नसते, आणि बसायला जागाही मिळते.